काळी पाचचा टुबा, काळी दोनचा टुबा

“डुकराला पट्टी कळती,” काशिनाथ दादा म्हणाले. “ह्यो भोंगा देता येनार न्हाई.”

हसनाबादच्या शिवारात मक्याच्या बांधावर आम्ही उभे होतो. मी आणि आमचे लिंबाजी मास्तर. समोर बाभळीच्या फांदीला दोरीनं एक टुबा टांगलेला. त्याच्यासाठी आम्ही जालन्याहून मोटारसायकलवर आलो होतो. आठ दिवसांवर केदारखेड्याच्या लग्नाची ऑर्डर होती. आणि टुब्याचा मालक सांगत होता की हा टुबा रानडुकरांसाठी ठेवलेला आहे.

आधी माझं सांगतो. मी डिगंबर. जालन्यात मस्तगडला लिंबाजी मास्तरांच्या बँडचं दुकान आहे. तिथं मी सव्वीस वर्षं टुबा वाजवतो. टुबा म्हणजे बँडमधलं सगळ्यांत मोठं पितळी वाद्य. पोटाशी धरायचं, त्याचं तोंड आभाळाकडं. त्याला तीन वॉल्व्ह असतात, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा. गाणं ट्रंपेट वाजवतं, टुबा खाली जाड सूर धरून ठेवतो. लग्नात लोक माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. मी काय वाजवतो, ते मात्र सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

आमचा जुना टुबा आदल्या आठवड्यात गेला. टेम्पोच्या मागं बांधला होता. राजूरच्या अलीकडं स्पीडब्रेकरवर टेम्पो उडाला, दोरी तुटली, टुबा रस्त्यावर. मागून उसाची ट्रॉली येत होती. तिची दोन्ही चाकं त्याच्यावरून गेली. ट्रॅक्टरवाला उतरला, म्हणाला, “कोन व्हतं?” माणूस नाही, वाद्य आहे, असं सांगितलं तेव्हा तो रस्त्यातच खाली बसला.

टुबा आम्ही एका तांबटाकडं नेला. त्यानं तो उलटापालटा करून पाहिला.

“ह्याची परात व्हईल,” तो म्हणाला. “भोंगा न्हाई व्हनार.”

नवा मागवायचा तर महिना-दीड महिना लागतो. लग्न आठ दिवसांवर. आणि केदारखेड्याचे उत्तमराव, ज्यांच्या मुलीचं लग्न, त्यांनी बुकिंगच्या वेळी एकच अट घातली होती. “बाकी काही बी वाजवा मास्तर, पन त्यो मोठा भोंगा आला पायजे. न्हाईतर मी डीजे सांगतो.” असं का, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मोठी भावकी होती, पुढच्या दोन वर्षांत तिथं लग्नंच लग्नं. एकदा डीजे शिरला की भावकी गेली.

मग मास्तरांना आठवलं की हसनाबादला काशिनाथ दादांच्या काकांचा बँड होता. काका गेले, बँड मोडला, पण दोन टुबे राहिले. भाऊवाटणीत एक काशिनाथ दादांना आला आणि एक नाल्यापलीकडच्या त्यांच्या धाकट्या भावाला, भागीनाथला.

आता पट्टीचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हार्मोनियमवर भजनी मंडळी म्हणतात ना, “काळी पाच धरा,” “काळी दोन धरा,” तसंच टुब्याचंही असतं. फरक एवढाच की टुब्याची पट्टी कारखान्यातून ठरूनच येते. बी-फ्लॅटचा टुबा म्हणजे काळी पाचचा. ई-फ्लॅटचा म्हणजे काळी दोनचा. आमचा सगळा बँड काळी पाचवर. माझा जुना टुबाही काळी पाचचा. एकही वॉल्व्ह न दाबता फुंकलं की सा. सव्वीस वर्षं मी असाच सा काढला. ई-फ्लॅटच्या टुब्यावर तसंच फुंकलं की सा निघत नाही, मध्यम निघतो. तिथं सा पाहिजे असेल तर पहिला आणि तिसरा वॉल्व्ह दाबावा लागतो. म्हणजे आपल्या घरात दिव्याचं बटण दाबावं आणि शेजाऱ्याच्या घरात पंखा फिरावा, तसा प्रकार.

बाभळीला टांगलेला होता तो बी-फ्लॅट. माझा. त्याला पोचे होते, तिसरा वॉल्व्ह जाम होता, आत गवताच्या काड्या होत्या. तरी मला तो हवा होता.

“दादा, डुकरांसाठी फटाके लावा की,” मी म्हणालो.

“लावले. दोन दिवस पळाली, मंग फटाक्याच्या आवाजावर येऊ लागली. बुजगावनं केलं, त्याला अंग घासू लागली. मंग म्या ह्यो भोंगा फुकला. तव्हापासून कनसाला दात लागला न्हाई.”

“मंग भागीनाथचा भोंगा वापरा. तो आम्ही इकडं आणून देतो, हा आम्हाला द्या.”

“त्याला काय भीत न्हाईत डुकरं. भागीनाथचा निम्मा मका गेला. त्याची पट्टी बराबर न्हाई.”

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मास्तरांकडं.

एवढ्यात भागीनाथच त्याचा टुबा खांद्यावर घेऊन आला. चकचकीत. तिन्ही वॉल्व्ह लोण्यासारखे. वापरलाच नव्हता, म्हणून नव्यासारखा राहिला होता. “घेऊन जा बाबा,” तो म्हणाला. “डुकरं ह्याच्यापुढं येऊन बसत्यात.”

मला खरं वाटेना. मी म्हणालो, दोन्ही टुबे मीच फुंकून पाहतो. मी व्यावसायिक माणूस आहे. दादा नुसते फुंकतात, सूर लावत नाहीत. फरक वाद्याचा नसेल, फुंकणाऱ्याचा असेल.

भर दुपार होती. नाल्याच्या कडेला घाणेरीची गच्च झुडपं होती, डुकरं दिवसा त्यात बसतात म्हणे. मी बी-फ्लॅटच्या काड्या काढल्या, माउथपीस पुसलं आणि मोकळा सा लावला. लांब. पोटातून.

झुडपं हलली. पाच डुकरं एकामागं एक बाहेर पडली आणि शेपट्या वर करून टेकाडाकडं गेली. सगळ्यांत मागचं तर नाल्यात पडून, उठून पुन्हा पळालं.

मग मी ई-फ्लॅट घेतला. तेवढाच जोर, तेवढाच लांब सूर.

काहीच नाही. मी पुन्हा लावला. तेव्हा एक डुक्कर टेकाडावर थांबलं, मागं वळलं आणि दहा-बारा पावलं आमच्या दिशेनं आलं. तिथं उभं राहून ऐकू लागलं.

“पाह्यलं?” काशिनाथ दादा म्हणाले.

डुकराला पट्टी कळते का, हे मी सांगू शकत नाही. काशिनाथ दादा बी-फ्लॅट फुंकताना सोबत दगडही मारत असतील आणि डुकरांच्या डोक्यात ते दोन्ही एक झालं असेल. भागीनाथ दगड मारणारा माणूस वाटत नव्हता. मी जे पाहिलं तेवढं सांगतो.

तरी मी हट्ट धरला. “मास्तर, माझी बोटं काळी पाचची आहेत. आठ दिवसांत काय व्हनार?”

“डिगंबर, ह्याचा तिसरा वॉल्व्ह जाम हाये. त्याचे तिन्ही चालतेत.”

“वॉल्व्ह सुटतो, मास्तर. सवय न्हाई सुटत.”

“आन् ह्या मान्साचा मका?”

बांधावर एव्हाना शेजारच्या शेतातले चार-पाच जण जमले होते. त्यातला एक जण सरळ म्हणाला, “त्यो भोंगा हालला तर आम्ही बी आडवं पडू. आमचं रान बी त्याच्याच आवाजात हाये.” एका टुब्याच्या आवाजात किती एकर येतात याचा हिशेब मी आयुष्यात केला नव्हता.

ई-फ्लॅट घेऊन आम्ही जालन्याला निघालो. टुबा मी मांडीवर धरला होता. वाटेतच मी नवी बोटं घोकायला लागलो. डाव्या हातानं टुबा सांभाळत उजव्या हाताची तीन बोटं मास्तरांच्या खांद्यावर दाबत होतो.

“डिगंबर, काय करून राह्यला?”

“पंचम, मास्तर.”

“नीट बस. माझी गाडी हालती.”

घरी आल्यावर माझी बायको, सुमन, टुब्याकडं पाहून खूश झाली. तिला वाटलं आम्ही नवा घेतला. ती गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवते, त्यामुळं मी एकदाच सांगितलं आणि तिला कळलं. “म्हंजे तुमची काळी पाच गेली आन् काळी दोन आली,” ती म्हणाली. “त्यात काय एवढं? आम्ही रोज बदलतो. सरूबाईचा गळा बसला की खाली उतरतो.”

“तुमची पेटी हाये. कुठूनबी सुरू करता. माझी बोटं बांधलेली हायेत.”

दोन दिवस मी नुसता गोंधळ घातला. रे काढायला जावं तर सा निघायचा. ग काढायला जावं तर रे. सा काढायला जावं तर मध्यम, आणि मध्यम काढायला गेलं की असा काही सूर निघायचा की समोरच्या किराणा दुकानाचा शेठ बाहेर येऊन आभाळाकडं पाहायचा. तिसऱ्या दिवशी मी पाटी घेतली. एका बाजूला जुनी बोटं लिहिली, दुसऱ्या बाजूला नवी. आणि एक चांगली गोष्ट सापडली. ध, नी आणि वरचा सा, या तीन सुरांची बोटं दोन्ही टुब्यांवर एकच होती. खालचे पाच सूर, सा ते प, तेवढे बदलत होते.

माझ्या मनात लगेच लबाडी आली. टुबा कोण ऐकतो? तीन सुरांवर लग्न निघून जाईल.

सुमनला मी हे सांगितलं नाही. तिनं मात्र चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, “तुम्ही बोटाकडं पाहून वाजवून राह्यले. आधी सूर गळ्यात म्हना, मनातल्या मनात. मंग बोट आपोआप शोधतं. पेटीवर आम्हाला असंच शिकवलं.” मी म्हणालो, बरं. पण माझे तीन सूर तयार होते. पुढचे चार दिवस मी त्यांचीच प्रॅक्टिस केली. पाच सुरांना वरवर हात लावला.

केदारखेड्याचं लग्न दुपारच्या मुहूर्ताचं होतं. वरात गावातून निघाली. ट्रंपेट जोरात, ढोल जोरात, नाचणारी पोरं जोरात. मी आपला ध, नी, सा. सा, नी, ध. कुणाला काही कळलं नाही. मास्तरांनी एक-दोनदा मागं वळून पाहिलं, पण ते ट्रंपेट वाजवत होते, बोलता येत नव्हतं. मला वाटलं, निभलं.

मांडवात पहिल्या रांगेत, खुर्च्यांच्याही पुढं, एक बाज टाकलेली होती. तिच्यावर उत्तमरावांचे वडील पडले होते. नव्वदीचे. पांढरा पटका उशाला, काठी पायाशी. सगळे त्यांना बाबा म्हणत. बँड मांडवात शिरला तसे ते कोपरावर उठले आणि माझ्याकडं पाहू लागले. बँडकडं नाही, माझ्याकडं. मी बाजूला सरकलो तर त्यांची नजरही सरकली.

मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं संपलं की भटजी “वाजवा” म्हणतात आणि त्याच क्षणी सगळा बँड एकदम सा वर पडतो. अक्षता, टाळ्या, बँड, सगळं एकदम. टुब्याला तिथं खालचा सा. या एका सुराची प्रॅक्टिस लागत नाही. मीही केली नव्हती.

“वाजवा!”

सव्वीस वर्षांची सवय. मी एकही वॉल्व्ह न दाबता, होता नव्हता तेवढा श्वास घालून फुंकलं. सगळा बँड सा वर आणि मी खाली मध्यमावर. ट्रंपेटनं तो सूर झाकला. लोकांनी अक्षता टाकल्या, टाळ्या वाजल्या. पण बाजेवरून बाबा ताठ उठून बसले आणि काठी वर करून ओरडले,

“चुकलं! चुकलं! पुन्यांदा!”

नवरदेवाचे मामा पुढं आले. “काय चुकलं? मुहूर्त चुकला का?” भटजींनी घड्याळ पाहिलं, मग पंचांग पाहिलं. नवरदेव हार घातलेला तसाच उभा. एक बाई म्हणाली, “आगं, नवरा तर बदलला न्हाई ना?” आणि नवरदेवाच्या आईनं खरंच त्याच्या मुंडावळ्या बाजूला करून तोंड पाहिलं.

उत्तमरावांनी बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि जाड आवाजात विचारलं, “काय चुकलं, बाबा?”

“भोंगा!” बाबा म्हणाले. “लग्न बराबर हाये. भोंगा चुकला.”

सगळ्या मांडवानं माझ्याकडं पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

जेवणं सुरू झाली तेव्हा उत्तमराव मला आणि मास्तरांना बाजूला घेऊन गेले. रागावले नव्हते. म्हणाले, “म्या भोंग्याची अट का घातल्ती, सांगतो. बाबाला बारीक आवाज ऐकू येत न्हाई. पाखराचा, बायामानसाचा, तुमच्या ट्रंपेटचा, काहीच न्हाई. जाड आवाज तेवढा येतो. मागच्या लग्नात तुमचा भोंगा ऐकला आन् दोन दिवस खूश व्हते. त्यांच्यासाठी बँड म्हंजे तुम्ही एकलेच.”

म्हणजे मांडवात बाकी सगळ्यांनी बँड ऐकला होता आणि या एका माणसानं फक्त माझे तीन सूर ऐकले होते.

मास्तर एवढंच म्हणाले, “तीन सुरं, डिगंबर?”

त्यांना वरातीतच कळलं होतं.

मी जेवलो नाही. बाबांनी बोलावणं धाडलं म्हणून त्यांच्या बाजेजवळ जाऊन बसलो. त्यांनी माझा हात धरला, बोटं पाहिली.

“पोरा, तुझा भोंगा बिमार हाये का तू?”

मी त्यांच्या कानाशी सांगितलं, “बाबा, भोंगा नवा हाये. माझी बोटं जुनी हायेत.”

ते हसले. मग म्हणाले, “माझी नात चालली. माझी माय दळताना ओवी म्हनायची, ती चाल वाजव. मंग तिला जाऊ द्या.” आणि त्यांनी ती चाल गुणगुणून दाखवली. आवाज फाटलेला, पण सूर पक्का. मी ऐकत मांडीवर बोटांनी सूर मोजले. सगळी चाल सा ते प यांच्यातच फिरत होती. ध नाही, नी नाही, वरचा सा नाही. नेमके माझे कच्चे पाच.

पाठवणीची वेळ झाली. नवरी, वैशाली तिचं नाव, गाडीत बसली होती. मास्तरांनी बँडला हातानं थांबवलं. मी बाबांच्या बाजेसमोर एकटा उभा राहिलो. एकट्या टुब्यानं कुणी लग्न वाजवत नाही. माझ्या ऐकण्यात तरी नाही.

पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत सा पाहिजे होता, बोटं मोकळी राहिली, मध्यम निघाला. बाबांनी हात वर केला.

“पुन्यांदा.”

पुन्हा सुरुवातीपासून. या वेळी रे च्या जागी सा. हात वर. “पुन्यांदा.”

नवरदेवाचे मामा गाडीजवळून ओरडले, “आवो, जल्दी करा! लांबचा पल्ला हाये!” ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाबांना हॉर्न ऐकू आला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहून परत चाल गुणगुणली, लहान पोराला शिकवावी तशी. तेव्हा गाडीचं दार उघडलं. वैशाली शालूसकट खाली उतरली, आली आणि बाबांच्या बाजेवर त्यांच्या शेजारी बसली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

मी डोळे मिटले. बोटांचा विचार सोडला. सुमननं सांगितलं होतं तसं बाबांचा सूर आधी मनात म्हटला, मग फुंकलं. सा. बोटांनी आपणहून पहिला आणि तिसरा दाबला. रे. ग. परत रे. हळूहळू, दळणाच्या चालीनं, मी ओळीमागून ओळ ओलांडत गेलो. एका ठिकाणी ग जरा डगमगला. हात वर झाला नाही. डोळे उघडले तेव्हा बाबा माझ्यासोबत म्हणत होते आणि वैशाली त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मांडवातल्या बायाही रडत होत्या. टुब्यावर कुणाला रडू येतं हे मला माहीत नव्हतं.

चाल संपली. बाबांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “आता बराबर. जा माय.”

गाडी गेली.

त्या भावकीची पुढची तीन लग्नं आम्हालाच मिळाली. मात्र उत्तमरावांनी नवी अट घातली. टुबा पुढं चालणार, बाकी बँड मागं. मास्तर चाळीस वर्षं बँडच्या पुढं चाललेले. आता ते माझ्या मागून ट्रंपेट वाजवत चालतात आणि प्रत्येक गाण्यानंतर सांगतात की ई-फ्लॅट घ्यायचं त्यांनीच ठरवलं होतं. ते खरं आहे. मी वाद घालत नाही.

मी एवढंच शिकलो. पट्टी बदलली तर बोटं आठ दिवसांत बदलत नाहीत, पण तिसऱ्यांदा वाजवताना बदलतात. आणि आपलं वाजवणं कुणी ऐकत नाही, असं धरून चालू नये. ऐकणारा माणूस एकच असतो आणि त्याला दुसरं काहीच ऐकू येत नसतं.